रेकॉर्ड जिथे उडी मारते

आमच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, पार टोकाला, एक खोली आहे. दारावर 'संगीत श्रवण विभाग' अशी पाटी आहे, पण तसं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात ऐकायची खोली. आणि मला म्हणतात खडूसबाई, कारण मी तिथे मोबाईल वाजू देत नाही, वेफर्सची पाकिटं फोडू देत नाही, आणि हेडफोन टेबलावर आपटणाऱ्याला दुसऱ्यांदा हेडफोन देत नाही. म्हणोत बापडे. झोपलेल्याला मात्र मी कधी उठवत नाही, एवढा एक चांगुलपणा माझ्या नावावर लिहून ठेवा.

कारण ती खोलीच तशी आहे. दुपार कलली की पिवळ्या पडद्यांतून ऊन आत येतं आणि टेबलांवर पसरतं. जो तो कानाला हेडफोन लावून आपापल्या गावाला गेलेला असतो. कुणाचं बोट हवेत हलतंय, कुणाचे ओठ पुटपुटतायत, कुणाची मान छातीवर आलेली. बाहेरून बघाल तर खोलीत चिडीचूप, आणि प्रत्येकाच्या डोक्यात केवढा गाजावाजा चाललेला. इतकी वर्षं मी हे बघते आहे, तरी कधीकधी मलाच कळत नाही की मी जागी आहे की माझाही डोळा लागला आहे.

खोलीच्या कोपऱ्यात एक काचेचं कपाट आहे, इंग्रजाचं कपाट. एका इंग्रज संगीतकाराबद्दल जे जे मिळेल ते सगळं त्यात आहे. हा काही फार मोठा माणूस नव्हे, मोठ्यांच्या यादीत त्याचं नाव शोधाल तर डोळे दुखतील. एका लहान गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, सकाळी कुत्रं घेऊन नदीकाठी फिरायला जायचा, लढाईवर जाऊन आला आणि त्यानंतर फार थोडं लिहिलं. कपाटात त्याचं एक चरित्र आहे, त्याच्या गावच्या पायवाटांचा नकाशा आहे, त्याच्या रचनांची पुस्तकं आहेत, जुन्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका आहेत. एक कॅसेट आहे, त्यात त्याची शेजारीण म्हातारपणी रेडिओवर त्याच्या आठवणी सांगते. विद्यापीठातली मुलं येतात आणि विचारतात, याच्यावर काही साहित्य मिळेल का? मी किल्ली काढून देते आणि सांगते, हात धुऊन या.

हे सगळं माझ्या मावशीनं जमवलेलं. मावशी पियानो शिकवायची. या माणसाचा एक छोटासा तुकडा तिला मुलांच्या सरावाच्या पुस्तकात सापडला आणि ती त्याच्या मागेच लागली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, रेडिओ दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "माझ्या घरात एक परका पुरुष राहतो, आणि बायको त्याची खातिरदारी करते." पण त्याची एकुलती एक लाँगप्ले रेकॉर्ड त्यांनीच कुठूनशी, कुणाकुणाला सांगून, तिच्या वाढदिवसासाठी मागवली होती.

आता त्या रेकॉर्डची गोष्ट सांगायलाच हवी. चार जणांनी वाजवायची रचना, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. तिचा मधला भाग संथ आहे. रेकॉर्ड आली त्या दिवशी मावशीनं खोली झाडली, शिकवणीच्या मुलांना सुट्टी दिली आणि नवी साडी नेसून बसली. काकांनी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली, आणि त्यांना वाटलं, सुईच्या दांड्याचा स्क्रू जरा ढिला आहे, आवळून घेऊ. स्क्रू-ड्रायव्हर हातातून निसटला तो थेट रेकॉर्डवर. नेमका त्या संथ भागावर. एकदाही वाजली नव्हती आणि चरा पडला.

त्या चऱ्यापाशी आली की सुई 'टक' करून उडी मारायची आणि पुढे कुठेतरी पडायची. चाल वर चढत चढत जाते, एका सुरावर येऊन उभी राहते, टक, आणि तीच चाल हलक्या आवाजात परत सुरू. मधलं गेलं. किती गेलं, काय गेलं, देव जाणे. मावशीनं काकांशी आठवडाभर अबोला धरला होता. जेवणाचं ताट समोर आपटायची आणि आत निघून जायची, असं आई सांगायची.

दुसरी रेकॉर्ड मिळाली नाही. ती निघायचीच बंद झाली होती. त्याच्या बाकीच्या रचनांसारखं या रचनेचं पुस्तकही कधी छापलेलं नव्हतं. मग हळूहळू त्या घरात त्या 'टक'ची सवय झाली. सवय कसली, लाडच झाले. ती जागा आली की मावशी टेबलावर बोट आपटायची, काका चहाच्या कपावर चमचा वाजवायचे, सुट्टीत राहायला गेलेली मीही जमिनीवर टाच आपटायची. मावशीनं कानानं ऐकून ती चाल पियानोवर बसवली आणि मुलांना शिकवली, ती 'टक'सकट. तिच्या हाताखालून गेलेली मुलं त्या जागी पियानोच्या लाकडावर बोट मारतात. त्यांतला एक आता मोठा वादक झाला आहे. भरल्या सभागृहात त्यानं ती चाल वाजवली आणि तिथे येऊन पियानोवर टकटकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात कुणी लिहिलं की वादकानं त्या क्षणी मृत्यूची चाहूल दिली. मावशी आणि काका पोट धरधरून हसले होते.

पण मधे काय असेल, हा त्यांचा रोजचा वाद होता. मावशी कल्पना करायची. कधी म्हणायची, तिथे एकटं व्हायोलिन वर वर जात असणार, टेकडी चढल्यासारखं. कधी म्हणायची, छे, चेलो खालून बोलत असणार, घरी ये म्हणत. डोळे मिटून ती गुणगुणून दाखवायची, आणि खरं सांगते, ते ऐकताना मला ओली पायवाट दिसायची, धुकं दिसायचं, लांब कुठेतरी कुत्रं भुंकायचं. ज्या गावी आम्ही कुणी कधी पाऊल ठेवलं नाही, तिथे मी कितीतरी दुपारी चालून आले आहे. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काही नसेल गं तिथे. दम खात असेल तो."

मावशी चिडायची. "स्वतःची चूक झाकायला काहीही बोलायचं. म्हणे काही नसेल."

काका गेले तेव्हा मावशीनं घर आवरलं, कपाट आमच्या ग्रंथालयाला दिलं, रेकॉर्ड मात्र स्वतःजवळ ठेवली. मी कितीदा म्हटलं, मावशी, आता इंटरनेट आहे, शोधू या का ते मधलं? तर म्हणायची, राहू दे. माझं काय नि यांचं काय, कोण बरोबर ते कशाला ठरवायचं आता.

मग तिचे कान जायला लागले.

आधी दाराची बेल गेली. मग पाखरं गेली. मग पियानोच्या उजव्या टोकाचे सूर. ती म्हणायची, पट्ट्या दाबल्या की नुसतं लाकूड वाजतं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, उजव्या कानाची आशा सोडा म्हणाल्या, डावाही उतरणीला लागलाय. यंत्र बसवलं. त्यानं पंख्याचा आवाज मोठा झाला, माणसांचा नाही. मावशीनं तोंडानं काही तक्रार केली नाही. ती तशी ताठ बाई. पण एका दुपारी माझ्या हातचा चहा घेता घेता म्हणाली, "चिमे, ते मधलं एकदा ऐकायचंय गं मला. कान आहेत तोवर."

मी म्हटलं, "ऐकवते." असं म्हटलं जणू काय ते माझ्या पर्समध्येच होतं.

कामाला लागले. कपाट उलथंपालथं केलं. चरित्राच्या शेवटच्या पानांत त्याच्या गावातल्या चाहत्यांच्या मंडळाचा पत्ता होता. ते मंडळ अजून आहे. दहा-बारा म्हातारे असावेत, पण कामाचे पक्के. त्याच्या रचना कुठे वाजल्या, कुणी ध्वनिमुद्रित केल्या, हस्तलिखितं कुणाकडे आहेत, सगळं त्यांच्याकडे आहे. मी ईमेल पाठवली, मावशीची सगळी हकिगत सांगितली. सचिवबाईंचं उत्तर आलं, फार मायेचं. मंडळाच्या एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे, तुमच्या मावशीसाठी पाठवते म्हणाल्या. आलंसुद्धा.

मी आधी स्वतः ऐकायचं ठरवलं. खोलीतली सगळी मंडळी आपापल्या तंद्रीत होती. मी हेडफोन लावले आणि डोळे मिटले. संथ भाग सुरू झाला, चाल चढायला लागली, माझी टाच आपोआप वर झाली. त्या सुरावर येऊन चाल उभी राहिली.

आणि काहीच नाही.

मी थांबले. हेडफोनची वायर हलवली. आवाज वाढवला. कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं, खुर्ची करकरली. मग पुन्हा तीच चाल, हलकी, आमच्या रेकॉर्डवर 'टक'नंतर येते तशी.

माझं डोकंच फिरलं. एवढा खटाटोप करून यांनी मला पाठवलं काय, तर तेवढीच जागा पुसलेलं ध्वनिमुद्रण. तशीच तणतणत वरच्या मजल्यावर गेले. तिथे आमचे बाइंडर बसतात, फाटकी पुस्तकं शिवतात, मशीन-बिशीनचंही त्यांना कळतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाई, हे पुसलेलं नाही. पुसलं असतं तर खोकला कसा राहिला?"

"मग वाजवणारे विसरले असतील."

"चौघंही? एकदम?"

मी सचिवबाईंना जरा तिखटच लिहिलं. त्यांनी शांतपणे हस्तलिखिताच्या त्या पानाचा फोटो पाठवून दिला. चार ओळी, चार वाद्यांच्या. चाल चढते, थांबते, आणि मग चारही ओळींत विरामाच्या खुणा. सूर नाही, काही नाही. ओळीनं मोकळी घरं, आणि त्यांच्यावर त्या माणसानं स्वतःच्या हातानं काढलेली खूण, की सांगितलंय त्याहूनही जास्त थांबा. मग पुन्हा चाल.

म्हणजे आमच्या रेकॉर्डवर जे उडालं होतं ते काहीच नव्हतं. मावशी उभं आयुष्य ज्या जागेसाठी झुरली, जिथे तिनं व्हायोलिनं चढवली, चेलोला बोलायला लावलं, ती जागा रिकामी होती.

मी बाइंडरांसमोर बसून घळाघळा रडले. ते बिचारे सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "सांगून टाका त्यांना आधी."

"काय सांगू? की मावशी, शेवटचं म्हणून जे ऐकायला तू कान सांभाळून ठेवलेस, ते नाहीच? तुमची मावशी असती तर सांगितलं असतंत?"

"मावशी नाही मला," ते म्हणाले. "पण मी त्यांच्या जागी असतो तर मला आवडलं असतं सांगितलेलं."

शहाणपणा दुसऱ्याला शिकवणं सोपं असतं. मी काही सांगायचं नाही असं ठरवलं. मनात म्हटलं, तिला ऐकू येतंय कुठे नीट. चाल संपेल, पुन्हा सुरू होईल, मधे काहीतरी बारीक होतं ते कानातून निसटलं असं तिला वाटेल. तिची टेकडी तिच्याजवळ राहील. तिनं कागद बघायचा हट्ट धरला असता तर माझी पंचाईत होती, पण तिनं आधीच बजावलं होतं, "वाचून नाही सांगायचं मला. आधी ऐकणार."

ग्रंथालय बंद असतं त्या वारी मी तिला आणलं. काठी टेकत आली, नवी साडी नेसून. कपाटापाशी थांबून तिनं काचेवरून हात फिरवला. दुपार होती, पडदे पिवळे झालेले, टेबलं रिकामी. हेडफोन लावले की तिचं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून मी मोठे स्पीकर लावले होते. डावा कान स्पीकरकडे करून ती बसली. मी शेजारी.

"त्या बयेला थोडा आवाज चढवायला सांग," मावशी म्हणाली. खोलीत मीच होते, दुसरी बया कोण असणार? ती चांगलीच घाबरलेली होती, म्हणून चेष्टा. मी आवाज चढवला.

संथ भाग सुरू झाला. चेलो तिला ऐकू येत असावा, कारण तिच्या पायाचा अंगठा हलत होता. वरची व्हायोलिनं येत होती की नाही कोण जाणे. पण ती चाल तिला पाठ होती, जे कानात येत नव्हतं ते ती आतून घालत होती. चेहरा सैल पडला. खोलीत उन्हाची धूळ तरंगत होती. मला पुन्हा ती पायवाट दिसायला लागली, आणि पायवाटेवर आज मावशीही होती, काठी नसलेली, भराभर चालणारी.

चाल चढली. सुरावर येऊन उभी राहिली. मावशीचं बोट टेबलावर पडलं, टक.

मग शांतता.

मावशीचे डोळे खाडकन उघडले. तिनं हात कानाकडे नेला, यंत्र चाचपलं. माझ्याकडे बघितलं. तिचे असे डोळे मी काका गेले तेव्हाही बघितले नव्हते.

"गेले," ती म्हणाली. "चिमे, कान गेले माझे."

मी किती मूर्ख होते ते मला त्या क्षणी कळलं. मी काय काय विचार केला होता, पण जिचे कान जात आहेत तिला अचानक शांतता ऐकवली तर ती काय समजेल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिचे दोन्ही हात धरले, मान हलवत राहिले, नाही, नाही. आणि मग चाल परत आली, हलकी. भाग संपेपर्यंत मी तिचे हात सोडले नाहीत. मग मशीन बंद केलं.

"मधे गेले होते," ती म्हणाली. "नेमके त्याच वेळी. बघ माझं नशीब."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मी मोठ्यानं म्हटलं, "नव्हते गेले, मावशी. तिथे काही नाहीच. त्यानं तिथे काही लिहिलंच नाही."

मी फाईलमधून फोटो काढून पुढे ठेवला. तिनं चष्मा चढवला. बोट ठेवून चारही ओळी वाचल्या, जशी मुलांच्या वह्या वाचायची तशी, एकही खूण न सोडता. रिकाम्या घरांपाशी आली, तिथे टेबलावर हलक्या बोटानं मात्रा मोजल्या. वरच्या खुणेपाशी बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल, आणि दोन्ही मी मुकाट्यानं घेतलं असतं.

तेवढ्यात मला कॅसेटमधली ती शेजारीण आठवली. शेकडो वेळा ऐकलेली, कधी नीट लक्ष न दिलेली. मी मावशीच्या कानात सांगितलं, "ती बाई म्हणते ना, की त्याच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे शिक्षा. चालता चालता मधेच उभा राहायचा. का ते सांगायचा नाही. आपण पण उभं राहायचं. मग आपला आपण निघायचा."

मावशीनं चष्मा काढला. "परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत, पडद्यावरच्या उन्हाकडे बघत बसली. चाल चढली, सुरावर येऊन उभी राहिली. मावशीचं बोट वर उचललं गेलं आणि हवेतच राहिलं. पडलं नाही.

शांतता आली. मला त्यातही तो खोकला ऐकू आला, खुर्ची करकरलेली ऐकू आली, बाहेरच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली तीही. मावशीला यातलं काही नव्हतं. तिच्या कानांत ती जागा लिहिली तशी होती, अख्खी, माझ्यापेक्षा पुरी. ती उभी होती त्या माणसाबरोबर, पायवाटेवर, आणि तिला घाई नव्हती.

मग चाल निघाली. मावशीनं बोट हळूच टेबलावर टेकवलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती हसत होती.

"जिंकले बाई हे," ती म्हणाली. "आणि मी आठवडाभर अबोला धरला होता."